फँड्री की कोर्ट, मुलासोबत कोणता बघायचा?

मैत्रिणीने विचारलं, नववीतल्या मुलासोबत 'फँड्री' (2013) हा सिनेमा बघू की 'कोर्ट' (2014)? दोन्ही दोन तासांच्या आत संपतात, पण पेशन्स 'कोर्ट'ला जास्त लागतो, त्यात एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो आणि नुसत्या तारखा पडत राहतात. 'फँड्री'त अन्याय करणारे समोर दिसतात. जब्या हा गावातली डुकरं पकडावी लागणाऱ्या दलित घरातला शाळकरी मुलगा. डुक्कर हातात येणार तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, जब्या जागच्या जागी उभा राहतो आणि डुक्कर निसटतं, मला तिथे गलबलून आलं.

'कोर्ट'मध्ये राक्षस असा कोणीच नाही, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तरी म्हातारा शाहीर तुरुंगातच, आणि हे मला जास्त भयंकर वाटतं. मुलासोबत 'फँड्री'च बघ, शेवटी जब्या भिरकावतो तो दगड त्याला लगेच कळेल. 'कोर्ट' तू एकटी, निवांत असशील तेव्हा लाव.