जीसीसीचा एफॲनालायझर: सी लिहिणाऱ्यांनी वापरून बघाच (५ पैकी ४ स्टार)

मी रत्नागिरीत बर्फाच्या फॅक्टऱ्या आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो, सगळं सी ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आणि हे प्रोग्रॅम एकदा चालू केले की महिनोन्‌महिने बंद होत नाहीत, त्यामुळे बारीकशी गळती (घेतलेली मेमरी किंवा उघडलेली फाइल परत न करणं) असली तरी साठत साठत शेवटी सगळं अडतं. त्यावर मला सापडलेलं सगळ्यात कामाचं टूल हेच: जीसीसी ह्या कंपायलरमधला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) -fanalyzer हा पर्याय, जो प्रोग्रॅम न चालवता नुसता कोड तपासून चुका शोधतो. जीसीसी १० पासून (२०२०) आहे, फुकट आहे, वेगळं काही टाकायला लागत नाही आणि नेट नसलं तरी चालतं, पावसाळ्यात आमच्याकडे ह्याची किंमत कळते.

कंपायलर प्रत्येक फंक्शनचा कंट्रोल फ्लो ग्राफ, म्हणजे कोड कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा नकाशा, बनवतोच. सलग चालणाऱ्या ओळींचा एक ब्लॉक, आणि इफ किंवा लूप आला की हातखंब्याच्या तिठ्यासारखे फाटे फुटतात. संगणकशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲलन यांनी १९७० च्या पेपरात मांडलेलं हे काम, पुढे २००६ चं ट्युरिंग अवॉर्ड (संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान) मिळालं त्यांना. ॲनालायझर ह्या ग्राफवरून एकेक रस्ता धरून चालतो आणि कुठली फाइल उघडी आहे, कुठल्या पॉइंटरची (मेमरीतल्या जागेचा पत्ता) मेमरी आधीच फ्री म्हणजे परत केली गेलीये ते लक्षात ठेवत जातो.

आमच्या एका जुन्या कोडमधे लॉगची फाइल उघडायची, मग सेन्सर वाचायचा, आणि सेन्सरने उत्तर दिलं नाही तर तिथूनच रिटर्न, फाइल उघडीच! टेस्टिंगला सेन्सर कायम नीट जोडलेला, त्यामुळे तो रस्ता कोणी चाललंच नव्हतं. बंदरावर मात्र खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात आणि सेन्सर मधेच गप्प होतो. ॲनालायझरने नुसतं लीक (गळती) आहे म्हणून सोडलं नाही, इथे उघडली, इथे अट खरी ठरली, इथून बाहेर पडलात, असं ओळीओळीने दाखवलं. मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं.

एक स्टार कापला कारण वेळ खूप खातो (त्यांच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय तसं), चुकीच्या वॉर्निंगही येतात, आणि फंक्शन दुसऱ्या फाइलीत असेल तर एरवी त्याच्या आत बघत नाही. सी++ साठी घेऊ नका. रोजच्या बिल्डला (कोडमधून प्रोग्रॅम तयार करताना) न लावता रात्री वेगळा चालवा, आणि जीसीसी जुना असेल तर आधी नवा टाका, फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइलीला सिस्टिमने दिलेला नंबर) तपासणी १३ मधे आणि न संपणाऱ्या लूपची १४ मधे आलीये.