होंडाचा १४ मिमी ड्रेन वॉशर: दर ऑइल चेंजला नवाच हवा

होंडा सिटी, जॅझच्या पेट्रोल इंजिनाला लागणारा हा ॲल्युमिनिअमचा वॉशर, पार्ट नंबर ९४१०९-१४०००. ऑइलच्या बिलात त्याची किंमत जाणवतही नाही, पण काम चोख करतो. मऊ असल्यामुळे ड्रेन प्लग (जुनं ऑइल काढायचा, ऑइल चेंबरच्या तळाचा बोल्ट) आवळताना तो दबतो आणि प्लग व ऑइल चेंबरमधली बारीक फट बुजवतो. एकदा दबलेला पुन्हा तसा दबत नाही, म्हणून जुनाच घातला की थेंब थेंब गळती सुरू. मग ती थांबवायला पाना आणखी ओढला जातो आणि ॲल्युमिनिअमच्या चेंबरचे आटे जातात. खरा खर्च तिथे!

जुना वॉशर बऱ्याचदा चेंबरलाच चिकटून राहतो. बोट फिरवून बघाच. त्याच्यावर नवा चढला तर प्लग नीट बसत नाही. जागा फडक्याने पुसा, प्लग आधी हातानेच फिरवा, मग १७ मिमीचा सॉकेट लावून टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना) ३९ न्यूटन-मीटरला आवळा. तांब्याचा वॉशर जास्त कडक, दबायला जोर मागतो. या चेंबरला ॲल्युमिनिअमचाच बरा. चार-पाच एकदमच घेऊन ठेवा, आणि गाडी गॅरेजला दिलीत तर जुना वॉशर मागून घ्या, म्हणजे तो बदलला याची खात्री होते.