चॅपलचं घर केलं त्याला अठरा महिने: सगळं छान, पण तो वरचा दिवा!

दिवाळीला आठ दिवस असताना मधला दिवा गेला. घर म्हणजे पश्चिम वेल्समधल्या एका खेड्यातलं, १८६०च्या दशकात बांधलेलं चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. दिवा छताच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून साडेसहा मीटरवर. फोटो मी मागे टाकले होते, कमानीच्या खिडक्यांचे, सज्जाचे, पिच पाइनच्या लाकडी बाकांचे. "काय उंची आहे गं!" असं त्याखाली निदान वीस जणींनी लिहिलं होतं. त्या उंचीबद्दलच आज लिहायला बसले आहे.

बल्ब बदलू म्हटलं, तर बल्ब नव्हताच. एलईडी आतच कायमचा बसवलेला, गेला की अख्खं फिटिंग फेकायचं. बसवून अकरा महिने झाले होते, म्हणजे गॅरंटीत. इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "फिटिंग फुकट देतो. पण वर पोचण्याचा खर्च गॅरंटीत येत नाही." चाकाची परांची आणि दोन माणसं मिळून ३४० पाउंड. दिवा साठ पाउंडांचा! या देशात चौदा वर्षं काढली तरी माझं मन अजून शंभराने गुणतं. गुणाकार झाला आणि मी फोन ठेवला.

हे तेच गृहस्थ, ज्यांच्याशी माझं व्हॅटवरून आधीच वाजलेलं होतं. घर नसलेल्या इमारतीचं घर करताना ठेकेदाराने कामावर २० नाही, ५ टक्के व्हॅट लावायचा असतो. आम्ही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. बिल आलं ८,४०० अधिक २० टक्के. स्वतः घर करणाऱ्यांना कर खात्याकडून व्हॅट परत मिळतो हे खरं, पण योग्य दराने लावलेलाच. चुकून जास्त लावलेले १५ टक्के खातं देत नाही, ते ठेकेदाराकडूनच वसूल करा म्हणतं. हिशेब केला तर १,२६० पाउंड. आणि दावा एका घरासाठी एकदाच, तोही काम पुरं झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कोणी असलं काम काढणार असेल तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा परिच्छेद वाचा आणि पहिला हप्ता देण्याआधी बिलावरचा दर बघा.

तर दिवा गेला तो गेलाच. ३४० द्यायचे नाहीत, हे मी ठरवलं. नवरा म्हणाला, हट्ट कशाला. सगळा हिवाळा आम्ही दोन स्टँडच्या दिव्यांवर काढला. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधारून येतं. जेवायला बसलं की डोक्यावर काळोखाची विहीर उलटी टांगल्यासारखं वाटायचं. त्या विहिरीत जळमटं. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा घर पाहिलं तेव्हा खिडक्या नाही, कमानी नाही, "तिथली जळमटं कशी काढतेस?" एवढंच विचारलं. काढत नाही, आई. सर्वांत लांब दांड्याचा झाडूसुद्धा कोपऱ्यापासून हातभर खालीच राहतो.

मग मध्ये मजला का नाही टाकला? तर इमारत संरक्षित यादीतली, ग्रेड दोन. खिडक्या उभ्या नि लांब, मजला टाकला तर त्यांच्या पोटातून जाणार. परवानगी देणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं की सज्जा आणि अर्धा भाग तरी खालपासून वरपर्यंत मोकळा हवा. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज तेवढा नाही, पण त्यांच्या घराचं छत आठ फुटांवर असणार याची मला खात्री आहे.

सहा महिन्यांनी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घेऊ नका. पहिल्या हिवाळ्यात भिंती ओल्या, कपाटातल्या कपड्यांना वास. दोन फुटी दगडी भिंत, आणि मधल्या काळात कोणीतरी बाहेरून सिमेंट थापलेलं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना सुकायला वेळ घेतो, तोवर रोज भिंतीला हात लावून बघायचं. दुसऱ्या हिवाळ्यात भिंती कोरड्या. एवढं साधं होतं ते. आमच्या गुहागरच्या घराचा चुना कुणी काढला नव्हता, ते का, हे मला वेल्समध्ये कळलं.

घर तापवणाऱ्या हीट पंपाबद्दल तक्रार नाही. ७,५०० पाउंडांचं सरकारी अनुदान मिळालं, फरशीखालून नळ्या आहेत, पाय गरम राहतात. पण ऊब वर जातेच. जेवणाच्या टेबलापाशी १८ अंश असलं की सज्जात २१. मी पैसे भरून वेल्सच्या कोळ्यांना उबेत ठेवते आहे असं बरेच दिवस वाटायचं. फेब्रुवारीत इडलीचं पीठ वर नेऊन ठेवलं, सकाळी भांड्याबाहेर. गेल्या चौदा वर्षांत या देशातल्या हिवाळ्यात माझं पीठ असं कधी फुगलं नव्हतं. उंचीच्या बाजूने एक गुण.

छताच्या वर माळा आहे आणि माळ्यावर वटवाघळं. ती कायद्याने संरक्षित, त्यांना हुसकावणं किंवा त्यांच्या जागेशी खेळणं गुन्हा. छप्पर शाकारताना स्लेटखाली आजकालचं हवा खेळणारं कापडही घालू दिलं नाही, कारण त्याचे धागे निघतात आणि वटवाघळं त्यात अडकतात. जुन्या पद्धतीचं डांबरी फेल्टच घालावं लागलं. त्यांचा त्रास काही नाही, भाडं मात्र देत नाहीत. खरेदीखतात आणखी एक अट आहे, इथे दारू विकायची नाही, जुगार खेळायचा नाही. आमची रमी बिनपैशाची.

आणि स्मशान. पुढच्या दारापासून दहा पावलांवर कबरी आहेत, त्या लोकांच्या घरच्यांना कधीही यायचा हक्क आहे. याची धास्ती होती मला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, त्याला इथे 'सील अ ब्लोदाय' म्हणजे फुलांचा रविवार म्हणतात, लोक कबरी घासूनपुसून डॅफोडिल ठेवायला येतात. यंदा ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आले. आईवडिलांची कबर घासूनपुसून झाली, मग दारात उभे राहून त्यांनी आत बघू का विचारलं. चहा दिला. पूर्वी जिथे धर्मसभेची वडीलधारी मंडळी बसायची त्या बाकावर, 'सेट वाउर'वर, आम्ही जेवतो. तिथे बसायला ते तयार होईनात. "मी तिथला नाही," म्हणाले, आणि मागच्या १४ नंबरच्या बाकावर जाऊन बसले. त्याच्यावर माझे मसाल्याचे डबे होते, ते मी घाईने उचलले.

मग वर बघून म्हणाले, "दिवा बंद का?"

मी सगळं रडगाणं ऐकवलं. ते हसायला लागले. वीज येण्याआधी इथे रॉकेलचा मोठा दिवा होता. शनिवारी संध्याकाळी तो खाली घेऊन काच पुसायची, हे त्यांचं काम. परांचीवरून? छे! साखळी आणि कप्पी. वरच्या गोल नक्षीत दिवा टांगायचा आकडा असणार, बघा.

मला एकदम आमच्या देवळातली हंडी आठवली. सभामंडपात ती कप्पीवरूनच खाली येते, गुरव दोरी सोडतो, तेल घालतो, परत ओढतो. लहानपणी ते पाहत मी मोठी झाले आणि इथे येऊन मचाणाचे भाव विचारत बसले.

दुर्बिणीतून पाहिलं तर नक्षीच्या मध्यात लोखंडी आकडा खरंच होता. परवानगीवाल्या बाईंना विचारलं, त्यांना तर आनंदच झाला. एप्रिलमध्ये परांची आठवड्यासाठी ९५ पाउंडांना आणली आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आकडा वरच्या तुळईतूनच आलेला, वजन टांगून तपासला, त्यामुळे वटवाघळांच्या माळ्यावर जावं लागलं नाही. कप्पी, बोटीची दोरी, लांब वायर, सज्जाच्या कठड्याला दोरी गुंडाळायची खुंटी. दिव्यात यावेळी साधा होल्डर, चार पाउंडांचा बल्ब. परांची आहेच तर जळमटं काढली, आणि सज्जापुढे सिलिंग फॅन लावला. वेल्समध्ये पंखा! शेजारी अजून हसतात. हिवाळ्यात तो उलटा फिरवायचा, म्हणजे वरची ऊब भिंतींवरून खाली येते. एप्रिलच्या थंडीत तीन अंशांचा फरक दोनवर आला. खरी परीक्षा जानेवारीत.

काल मुद्दाम दिवा खाली घेऊन पुसला. दीड मिनिट लागलं.

पहिल्या इलेक्ट्रिशियनला हे कुणीतरी सांगितलं असावं. परवा फोन आला, कप्पीचे फोटो मिळतील का, त्याच्या जाहिरातीत टाकायचे आहेत. म्हटलं, आधी ५ टक्क्यांचं दुरुस्त बिल पाठवा.