डीटी-८३०डी मल्टिमीटर: ओहम आणि वॉटच्या हिशोबाला कितपत पुरतो?

मधोमध गोल नॉब, खाली तीन सॉकेट आणि लाल-काळ्या वायरी असलेला हा मीटर पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, दुकानोदुकानी टांगलेला दिसतो. वरचा छाप बदलतो, आतला मामला साधारण तोच. किंमत काहीशे रुपये. व्होल्टेज आणि करंट मोजून त्यावरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढायला तो चालेल का? डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर चालेल, जोडणी समजून केली तर. घरच्या २३० व्होल्टवर करंट मोजायला अजिबात नाही, कारण यात एसी अँपिअरची रेंजच नाही. दहा अँपिअरच्या सॉकेटशेजारी ‘डीसी’ लिहिलेलं असतं, ते वाचावं.

सर्वाधिक फसगत मिलिअँपिअरवर होते. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर स्वतःच सर्किटमध्ये सुमारे १ ओहम घालतो. फ्यूज आणि वायरी धरून १.३ समजा. आता १.५ व्होल्टच्या सेलला १० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर सेलचा स्वतःचा रोध (रेझिस्टन्स) सोडून देऊनही १५० ऐवजी १३३ मिलिअँपिअरच दिसतील. १.५ ला ०.१३३ ने भागलं की उत्तर ११.३ ओहम. मग रेझिस्टर खराब म्हणून कचऱ्यात जातो! चूक त्याची नसते. व्होल्टेज सेलवर न घेता रेझिस्टरच्या दोन टोकांवर घ्या: तिथे १.३३ व्होल्ट मिळतील, भागाकार १० येईल आणि पॉवर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ०.१८ वॉट. म्हणजे पाव वॉटचा रेझिस्टर इथे जेमतेम पुरतो, अर्ध्या वॉटचा लावलेला बरा.

मोठ्या रोधाला हीच जोडणी अंगाशी येते. डीसी व्होल्टवर या मीटरचा आतला रोध १ मेगाओहम आहे. ९ व्होल्टवर १ मेगाओहमच्या रेझिस्टरच्या टोकांना तो लावला, की अर्धा करंट व्होल्टमीटरमधूनच जातो. अँपिअरमीटर ९ ऐवजी १८ मायक्रोअँपिअर दाखवतो आणि उत्तर थेट निम्मं. अशा वेळी व्होल्टमीटर अँपिअरमीटरच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला लावायचा. थोडक्यात, दोन नग घ्या. एकाच मीटरने आधी व्होल्ट आणि मग करंट मोजला, तर दोन्ही आकडे वेगवेगळ्या सर्किटचे असतात.

१० अँपिअरच्या रेंजवर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब तपासायला छान. बल्बवर १२.४ व्होल्ट आणि १.७७ अँपिअर मिळाले, तर ७ ओहम आणि जवळपास २२ वॉट. तोच बल्ब काढून ओहमवर ठेवला की जेमतेम एक ओहम दिसतो. मीटर बिघडलेला नाही. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्यापेक्षा दहापटीने कमी असतो. मात्र हे सॉकेट बिनफ्यूजचं आहे. वायरी बारीक असतात, त्यामुळे ८-१० अँपिअर दहा सेकंदांपलीकडे चालवू नयेत. आणि लाल वायर तिथेच विसरून व्होल्ट मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे.

इस्त्री, गीझर, पाण्याचा रॉड यांना करंट मोजायची गरजच नाही. प्लग काढा, इस्त्रीचा थर्मोस्टॅट फुल करा आणि प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये २०० ओहमच्या रेंजवर मोजा. २३० व्होल्ट १००० वॉटच्या इस्त्रीला सुमारे ५३ ओहम यायला हवेत, २००० वॉटच्या गीझरला २६.५. दोन्ही प्रोब (वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून जो अर्धाएक ओहम दिसतो, तो आधी वजा करायचा. आतल्या कॉइलच्या तारेचा मिश्रधातू म्हणजे नायक्रोम; त्याचा रोध तापल्यावर थोडाच बदलतो, त्यामुळे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्र इथे चालतं: २१० व्होल्टला ती इस्त्री ८३४ वॉटची उरते.

त्या ८३४ वर फार विसंबू नये. सोबतच्या कागदावर एसी व्होल्टची अचूकता सहसा १.२ टक्के अधिक १० अंक असते, आणि ७५० च्या रेंजवर एक अंक म्हणजे एक व्होल्ट. २१० चे खरे १९७ किंवा २२२ असू शकतात; वर्गामुळे चूक दुप्पट होते आणि पॉवर ७४० ते ९३५ मध्ये कुठेही. पंखा किंवा एलईडी बल्बला तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट नव्हेच, पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला प्रत्यक्ष वापरला जाणारा हिस्सा) मध्ये येतो. त्यासाठी प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर घ्यावा.

व्होल्ट बरोबर येतात पण मिलिअँपिअरवर शून्य, असं झालं की आतला काचेचा फ्यूज गेला. तेवढ्याच क्षमतेचा बसवा, तार गुंडाळू नका. ऑटो-ऑफ नाही, त्यामुळे नॉब विसरला की ९ व्होल्टची बॅटरी उतरते. उतरती बॅटरी आकडे फुगवते: सेल १.५ ऐवजी १.७ दाखवू लागला, तर आधी मीटरची बॅटरी बदला.