सेस्नाऐवजी मायक्रोलाइट : सांगलीहून जाऊन-येऊन घेतलेला नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून जूनपर्यंत मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने अकरा वेळा बेंगळुरूला गेलो आणि तिथल्या जक्कूरच्या धावपट्टीवरून मायक्रोलाइट या दोन आसनी, अगदी हलक्या विमानात प्रशिक्षकांसोबत एकूण साडेचोवीस तास उडालो. त्याआधी एका फ्लाइंग क्लबमध्ये सेस्ना १७२ या चार आसनी विमानाचे तीन तास घेतले होते, त्यामुळे पुढची तुलना दोन्ही विमानांत बसून केलेली आहे. मी सांगलीच्या विश्रामबागेत पंप आणि मोटारींच्या दुरुस्तीचे दुकान चालवतो. वैमानिक म्हणून नोकरी करण्याचे माझे वय नाही आणि तसा विचारही नाही. मला फक्त उडायचे होते, आणि ते वर्षानुवर्षे करत राहायचे होते.

सेस्ना सोडण्याचे कारण ते विमान आवडले नाही असे मुळीच नाही. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. तेवढ्या तासांचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की साठवलेले सगळे पैसे परवाना हातात पडेपर्यंत संपतील आणि त्यानंतर उडायला काहीच उरणार नाही. परवाना कपाटात आणि आपण जमिनीवर, ही स्थिती मला नको होती.

दोन्ही विमानांच्या खर्चातला फरक बराचसा इंजिनातून येतो. सेस्ना १७२ ताशी साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पिते आणि तेही एव्हगॅस हे शिसे असलेले खास विमान-पेट्रोल. इंडियन ऑइलने ते २०२२ मध्ये देशात तयार करून बाजारात आणले, तोपर्यंत ते बाहेरूनच येत असे. मी उडवतो ते एक्स-एअर विमान बेंगळुरूच्याच राज हंस कंपनीचे आहे. त्याला रोटॅक्स ५८२ हे ६४ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन आहे, ते साध्या पेट्रोलवर चालते आणि ताशी पंधरा लिटरच्या आसपास घेते. पन्नास भाग पेट्रोलाला एक भाग टू-टी तेल, म्हणजे वीस लिटरच्या कॅनला चारशे मिलिलिटर; हे मोजून ओतण्याचे काम पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आले आणि ते मला मनापासून आवडते. मात्र इंजिन दुरुस्त करणारा माणूस म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. सेस्नाचे लायकमिंग इंजिन सुमारे २००० तासांनी पूर्ण उघडायचे असते, तर ५८२ हे ३०० तासांनीच. स्वस्त इंजिनाची ही किंमत तासाच्या दरात धरलेली असते, आणि जिथे दर फारच कमी सांगितला जाईल तिथे शेवटची ओव्हरहॉलिंग कधी झाली हे विचारल्याशिवाय विमानात बसू नये. हे सगळे धरूनही माझ्या वहीप्रमाणे सेस्नाच्या एका तासाच्या पैशांत मायक्रोलाइटचे जवळजवळ दोन तास होतात.

हे दोन तास खिशात वाचवायचे नसून हवेत घालवायचे असतात, हे मला फेब्रुवारीत कळले. घरच्या लग्नामुळे सात आठवड्यांचा खंड पडला होता. धावपट्टीवर उतरताना मी इंजिन कमी केले आणि ताशी ऐंशी किलोमीटरचा वेग डोळ्यांदेखत पासष्टवर आला. हजार किलोंच्या सेस्नाला अंगचा जोर असतो, इंजिन कमी केले तरी ती काही काळ पुढे सरकत राहते. मायक्रोलाइटचे वजन दोन माणसे आणि पेट्रोल धरून ४५० किलोंच्या आत ठेवावे लागते, त्यामुळे इंजिन कमी होताच नाक त्याच क्षणी खाली न्यावे लागते. माझा हात थबकला. प्रशिक्षक सरांनी काही न बोलता दांडा पुढे ढकलला, समोरच्या काचेत आकाशाच्या जागी धावपट्टी भरून आली आणि वेग परत मिळाला. डिसेंबरात जे हाताला बसले होते ते सात आठवड्यांत सुटले होते. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा सलग तीन तास घेण्याऐवजी, जमेल तेव्हा, दर तीन आठवड्यांनी दीड तास घेतो. रेल्वेचा खर्च वाढतो, पण हात सुटत नाही. महिन्याला परवडते म्हणजे काय, याचे माझे उत्तर आता तासाच्या दरात नसून दोन उड्डाणांमधल्या अंतरात आहे.

उड्डाणापूर्वीची तपासणी मला उड्डाणाइतकीच प्रिय झाली आहे. एक्स-एअरचा पंख म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेले डेक्रॉनचे कापड. अंगठ्याने दाबून पाहिले की तापवलेल्या हलगीसारखे लागते. उन्हाने हे कापड कमजोर होते, म्हणून विमान हँगरमध्येच ठेवावे लागते. सेस्नाच्या पत्र्याखाली काय आहे हे मेकॅनिकच जाणे. इथे बहुतेक नटबोल्ट आणि पिना उघड्या डोळ्यांनी दिसतात. ५८२ ला दोन स्वतंत्र इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणा, असतात आणि उडण्याआधी एकेक बंद करून पाहायचे असते. एप्रिलमधल्या एका सकाळी डावे बंद करताच इंजिन अडखळू लागले. प्लगपैकी एक निकामी झाला होता आणि बदलायला दुसरा हाताशी नव्हता, त्यामुळे त्या फेरीत मी न उडताच परत आलो. दोन रात्रींचा प्रवास वाया गेला याचे वाईट वाटले, पण तपासणीबद्दलचा विश्वास तेव्हापासून पक्का आहे.

गैरसोयी खऱ्या आहेत. सकाळी साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि हे हलके विमान पाचोळ्यासारखे हलते, त्यामुळे उजाडता-उजाडता हजर राहावे लागते. उडायचे ते दिवसा आणि स्वच्छ हवेतच. येलहंक्याचा हवाई दलाचा तळ जवळ असल्याने नियंत्रण कक्षाच्या परवानगीची वाट पाहण्यात अर्धा-पाऊण तास जातो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच असल्याने इंजिनाची ताकद थोडी कमी भरते, आणि ८४ किलोंचा मी शेजारी बसलो की टाकी पूर्ण भरता येत नाही. जूनच्या दोन्ही फेऱ्या मोसमी वाऱ्याने बुडाल्या.

ज्यांना बायको-मुलांना घेऊन कुठे तरी जायचे आहे त्यांनी सेस्नाच शिकावे. ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या, दोन आसनी, सामान न घेणाऱ्या विमानाने प्रवास होत नाही. समोरून वारा असेल तर खालच्या महामार्गावरच्या गाड्या पुढे जाताना मी पाहिल्या आहेत. कराडच्या धावपट्टीवर असे मायक्रोलाइट आले तर माझे अर्धे पैसे आणि सगळ्या रात्री वाचतील. तोपर्यंत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचे मिरज-बेंगळुरू तिकीट काढून ठेवले आहे, आणि यावेळी चार नवे प्लग मी स्वतःच सोबत नेणार आहे.