७२ तासांची गोळी: बॉर्डरलाइनसोबत जगणाऱ्या बायकांना कितपत उपयोगी?

लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. एकच गोळी, एकदाच घ्यायची. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना झटकन टोकाला जाणं, आपल्याला सोडून जातील ही तीव्र भीती) असलेल्या बाईसाठी तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे कुणाला काही समजावून सांगत बसावं लागत नाही. जोडीदार सोडून जाईल या धास्तीनं "निरोध वापर" म्हणणं राहून जातं. सकाळी इतकी शरम वाटते की दवाखान्याची पायरी चढवत नाही आणि दोन दिवस तसेच जातात. म्हणून एक पाकीट आधीच आणून घरात ठेवावं.

मुदत संबंधानंतर ७२ तासांची असली तरी थांबू नये. ही गोळी बीजांड बाहेर पडणं लांबवते. ते एकदा सुटलं की तिचा उपयोग नाही. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते.

मोठी उणीव वेगळीच आहे आणि मेडिकलच्या काउंटरवर ती सहसा निघतच नाही. बॉर्डरलाइनसाठी खास असं औषध नाही, पण मूड सावरायला काही जणींना कार्बामाझेपिन दिलेलं असतं. त्यामुळे यकृत गोळीतलं हार्मोन भराभर मोडून टाकतं आणि एका गोळीचा जोर अपुरा पडतो. कार्बामाझेपिन बंद करूनही चार आठवडे झाले नसतील, तरी तेच. अशा वेळी पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेणं सगळ्यात भरवशाचं. ते जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून दोन गोळ्या एकदम. मूडसाठीच दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट या औषधानं गोळीचा जोर कमी होत नाही, पण गर्भ राहिला तर त्याच्या मेंदूला आणि मणक्याला धोका असतो. त्यामुळे व्हॅल्प्रोएट चालू असेल तर या गोळीवर विसंबणं आम्हाला पटत नाही. रोजचं, पक्कं गर्भनिरोधक हवंच.

पुढच्या रात्रीसाठी गोळी काहीच करत नाही. समेट झाला, पुन्हा संबंध आला, की धोका नव्यानं सुरू. उलट बीजांड बाहेर पडणं लांबलेलं असल्यानं त्याच महिन्यात नंतर दिवस राहू शकतात. पाळी आठवडाभर उशिरा गेली तर लघवीची तपासणी करावी. मधल्या काळात थोडं रक्त दिसणं किंवा स्तन दुखणं चालतं. मात्र एकीकडे पाळीची वाट बघणं आणि दुसरीकडे मूड वरखाली होणं एकत्र आलं, की तो आठवडा फार जड जातो. थेरपिस्ट असेल तर त्यांना गोळी घेतल्याची तारीख सांगून ठेवावी. डीबीटीची (बॉर्डरलाइनसाठीची एक थेरपी) डायरी भरत असाल तर त्यात त्या रात्रीची नोंदही जाऊ द्या: आधी काय झालं, "नको" म्हणायचं होतं का.

लैंगिक आजारांपासून ही गोळी वाचवत नाही. एचआयव्हीची शंका असेल तर पेपचं औषध (संपर्कानंतर लागण टाळण्यासाठीचं) सरकारी रुग्णालयात मागावं: तेही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. जबरदस्ती झाली असेल तर रुग्णालय सरकारी असो की खासगी, मोफत उपचार देणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे.