त्याच पैशात मॅनिकिन घ्यावं की हेडसेट?

गेल्या दोन वर्षांत चार वेगवेगळ्या कॉलेजांतल्या ट्यूटरांनी मला फोन केले आणि प्रश्न एकच होता. ट्रस्टनं स्किल लॅबसाठी रक्कम मंजूर केलीय आणि ती मार्चच्या आत खर्च करायचीय. एका कोटेशनमध्ये श्वास घेणारं, बोलणारं हाय-फिडेलिटी मॅनिकिन, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवायची बाहुली आहे, दुसऱ्यात डोळ्यांवर लावले की आभासी वॉर्ड आणि पेशंट दिसतो असे व्हीआरचे हेडसेट आणि त्यांच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स. सर, काय घेऊ? दर वेळी फोनवर अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

मी कोल्हापूर भागातल्या एका नर्सिंग कॉलेजची स्किल लॅब बघतो. संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजातलं मोठं मॅनिकिन आम्ही वर्षभर वाटून वापरलं. पुढच्या वर्षी स्वतःचे पैसे हातात आल्यावर मात्र आम्ही सहा हेडसेट घेतले. म्हणजे माझा कल कुठे आहे हे लपत नाही. तरी मॅनिकिनवर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू या. हाताचं काम शिकवायला हेडसेट घेऊ नका. कॅन्युला टाकताना सुई शिरेत शिरल्याचा तो बारीकसा सैलपणा, मग मागे येणारं रक्त, हे कंट्रोलरचं बटण दाबून कळत नाही. सीपीआरमध्ये छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायला हवी. त्यासाठी तळहाताखाली उलट ढकलणारं काहीतरी लागतं, हवेत हात हलवून ते शिकता येत नाही. आयव्हीचा हात, कॅथेटरचं मॉडेल, सीपीआरचं धड ही साधी सामग्री लॅबमध्ये हवीच, आणि इन्स्पेक्शनला मोजलीही तीच जाते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पेशंट डोळ्यांदेखत बिघडायला लागला तर मुलगी काय करते, हे शिकवायला काय घ्यायचं?

‘गेम खेळून कुठं नर्स होतात का?’ असं आमच्या एका ज्येष्ठ मॅडमनी मला स्टाफरूममध्ये सुनावलं होतं. त्यांना मी मिसेस चेसची गोष्ट सांगितली. 1911 साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हॉस्पिटलनं आपल्या नर्सिंग स्कूलसाठी माणसाच्या मापाची बाहुली करून घेतली. करणाऱ्या मार्था चेस मुलांच्या बाहुल्या बनवायच्या. 1960 साली ज्या बाहुलीवर जग सीपीआर शिकायला लागलं ती रिससी ॲन केली नॉर्वेच्या आस्मुंड लार्डाल यांनी, आणि त्यांचाही धंदा खेळण्यांचाच. दोन्ही वेळा खेळणीवालेच आपल्या मदतीला आले. आता गेमवाले आलेत, तर नाक मुरडायचं कारण नाही. मॅडमना हे पटलं नाही, पण त्या हसल्या.

आता मॅनिकिनचं सगळ्यात मोठं बळ सांगतो. ते मराठी बोलतं. म्हणजे पडद्यामागे लॅपटॉप आणि माइक घेऊन बसलेला मी बोलतो, आवाज त्याच्या तोंडातून येतो. ‘सिस्टर, जीव घाबरा व्हायलाय ओ,’ असं मी म्हटलं की मुलीच्या चेहऱ्यावर खरंच फरक पडतो. वॉर्डात ऐकू येतं तसंच ते असतं. मनगटावर नाडी लागते, स्टेथोस्कोप ठेवला की घरघर ऐकू येते, चादर ओढायला लागते, साइड रेल वर करायला लागते. दोघी-तिघींना मिळून काम करायला शिकवायचं असेल, एकीनं बॅग-मास्क धरायचा, दुसरीनं औषध भरायचं, तर मॅनिकिनला आजही तोड नाही. (बाळंतिणीचा आवाजही मीच काढायचो. माझा आवाज अगदी घोगरा. पहिली पाच मिनिटं हसण्यात जायची, पण नंतर जमायचं.)

मग माझं कुठं बिनसलं? मागून येणाऱ्या कुजबुजीवर.

आमचा सिनॅरिओ, म्हणजे सरावासाठी रचलेला प्रसंग, अगदी साधा होता. पेशंटला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक चढवायला सुरुवात केलीय. दोन-तीन मिनिटांत त्याला खाज सुटते, घशाशी आवळल्यासारखं होतं, सॅच्युरेशन उतरायला लागतं, बीपी पडतं. मुलीनं औषध ताबडतोब थांबवायचं, मदतीला हाक मारायची आणि 0.5 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. बेडपाशी एक मुलगी आणि भोवती बॅचच्या चौदा जणी. खाज सुटल्याचं मी म्हणतोय न म्हणतोय तोच मागून सुरू, ‘अगं बंद कर ना आधी!’ मग आणखी कुणीतरी, ‘अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅड्रेनलिन.’ बेडपाशची मुलगी बंद करते, अ‍ॅड्रेनलिन देते, चेकलिस्टवर टिक पडते. ती टिक खरं तर वर्गाची असायची, तिची नव्हे.

मी सगळे उपाय करून बघितले. दटावलं. भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तर कॉलेजच्या पोरींची बालवाडी केल्यासारखं वाटून माझीच मला लाज वाटली. मग एकेकीला आत घेतलं. पहिली बाहेर गेली की व्हरांड्यात पेपर फुटायचा, तिसरी मुलगी दारातून आत येतानाच सलाईनच्या क्लॅम्पकडे बघत यायची. प्रत्येकीला वेगळा सिनॅरिओ द्यायचा तर दर वेळी मांडामांड बदलायला हवी, आणि पडद्यामागे मी एकटा. शिवाय हिशेब साधा आहे. 2021 पासून आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या) सेमिस्टर पद्धतीत लॅबचा एक क्रेडिट म्हणजे 40 तास. वर्गात 60 मुली. मांडामांड आणि डिब्रीफ (काय केलं, काय चुकलं याची नंतरची चर्चा) धरून एकीला 35 मिनिटं दिली, तर एकाच सिनॅरिओला 35 तास लागतात. म्हणजे जवळपास अख्खा क्रेडिट संपला, आणि प्रत्येकीच्या वाट्याला एकच पाळी आली, तीही फुटलेल्या पेपरची.

तुमच्याकडे वेगळी कंट्रोल रूम, कॅमेरे आणि तयार झालेली दोन-तीन माणसं असतील, तर माझी ही तक्रार तुम्हाला लागू नाही. खुशाल मॅनिकिन घ्या. आमच्याकडे एक हॉल आहे, एक पडदा आहे आणि मी आहे.

हेडसेट आल्यावर तोच अ‍ॅनाफिलॅक्सिसचा प्रकार, म्हणजे औषधाची ती जीवघेणी ॲलर्जी, आम्ही त्यात लावला. गडहिंग्लजकडची एक मुलगी, अभ्यासात चांगली, मॅनिकिनवर हाच सिनॅरिओ पैकीच्या पैकी करून गेलेली. कानाला हेडफोन, डोळ्यांवर हेडसेट, ती काय बघतेय ते समोरच्या टीव्हीवर. पेशंट खाजवायला लागला. तिनं बीपी घेतलं. तो खोकायला लागला. तिनं डोक्याकडची बाजू वर केली, ऑक्सिजन लावला, पुन्हा बीपी घेतलं. मी टीव्हीकडे बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की तिची नजर मॉनिटर आणि पेशंटचा चेहरा यांच्यातच फिरतेय. सलाईनचा स्टँड तिच्या डाव्या हाताला, आणि इतका वेळ तो एकदाही तिच्या दृष्टीच्या टप्प्यात आला नाही. औषध टपटप चालूच. शेवटी पेशंट बेशुद्ध पडला तेव्हा तिनं हेडसेट काढला, घामाघूम झाली होती. म्हणाली, ‘सर, मला काय सुचंनाच झालं.’

मॅनिकिनपाशी मला तिची पाठ दिसायची, इथं तिची नजर दिसली. तिला अ‍ॅड्रेनलिन माहीत नव्हतं असं नाही, डोस विचारला तर झोपेतही सांगेल. तिची सवय अशी की काही बिघडलं की आधी मॉनिटर बघायचा. हे मला वर्षभरात कळलं नव्हतं, कारण वर्षभर तिला कुणीतरी मागून सांगत होतं. त्या आठवड्यात तिनं तो सिनॅरिओ आणखी चार वेळा केला, कॉलेज सुटल्यावर, एकटीनं. मॅनिकिनवर चार वेळा एकटीनं करायचं तर चारही वेळा मी पडद्याआड हवा.

माझ्यासाठी निवड तिथंच झाली. सहा हेडसेट म्हटले की 60 मुलींच्या दहा फेऱ्या, म्हणजे सहा तासांच्या आत अख्खा वर्ग. सहाही जणींना वेगवेगळा पेशंट देता येतो, त्यामुळे व्हरांड्यात फुटायला पेपरच उरत नाही.

पण हेडसेटचा सासुरवासही आहे, आणि विकणारा तो सांगणार नाही.

पहिली अडचण भाषेची. नर्सिंगसाठी चाललेली बहुतेक सॉफ्टवेअर, युबीसिम म्हणा, ऑक्सफर्ड मेडिकल सिम्युलेशन म्हणा, पाश्चात्त्य देशांतल्या हॉस्पिटलांसाठी घडलेली आहेत. पेशंट इंग्रजी बोलतो, तेही तिकडच्या उच्चारात. आमच्या निम्म्या मुली बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. पहिल्या महिन्यात मला सारखं ऐकायला मिळायचं, ‘सर, तो काय म्हणतोय तेच कळंना.’ मुलगी चुकली की तिचा कान चुकला, हे वेगळं काढणं जड जातं. शिवाय तो वॉर्डही आपला नव्हे. एका खोलीत एक पेशंट, नातेवाईक गप्प, बटण दाबलं की डॉक्टर हजर. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात पेशंटच्या उशाशी चार माणसं उभी असतात आणि त्यातले दोघं सिस्टरशी भांडत असतात. ते मला मॅनिकिनवर दाखवता यायचं, हेडसेटमध्ये नाही. चेन्नईच्या मेडिसिम व्हीआरसारखे आपल्याकडचे लोकही आता या कामात आहेत, त्यांचा डेमो जरूर बघा. पण मराठीत बोलणारा पेशंट माझ्या लॅबपर्यंत अजून पोचलेला नाही.

दुसरी गोष्ट हात धुण्याची. हेडसेटमध्ये सॅनिटायझरच्या बाटलीला हात लावला की झालं. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मुली खऱ्या वॉर्डातही बाटलीला नुसता स्पर्श केल्यासारखं करतायत. तेव्हापासून नियम केला की हेडसेट लावण्याआधी आणि काढल्यावर खऱ्या बेसिनवर पूर्ण हात धुवायचे, घड्याळ लावून.

बाकीचा त्रास किरकोळ, पण रोजचा. नर्सिंगच्या मुलींचा अंबाडा आणि हेडसेटचा पट्टा यांची जागा एकच, त्यामुळे पट्टा वर सरकतो आणि चित्र धूसर दिसतं. अंबाडा खाली बांधायला सांगा. एप्रिल-मेमध्ये घाम येतो, तेव्हा कापडी फोम नको, पुसता येईल असं सिलिकॉनचं कव्हरच घ्या, आणि काचांना स्पिरिट लावू देऊ नका. संध्याकाळी हेडसेट पुसायला घेतले की आतून टिकल्या निघतात. माझ्या टेबलावर त्यांच्यासाठी एक डबी ठेवलीय, बऱ्यापैकी भरत आलीय. दर बॅचला एक-दोघींना मळमळतं, डोळ्यांना हलल्यासारखं वाटतं आणि शरीर तर जागेवर असतं म्हणून. 15 मिनिटांच्या वर एका वेळी ठेवत नाही, आणि चतुर्थी-एकादशीचा कडक उपवास असेल तर त्या दिवशी पाळीच देत नाही. बॅटरी साधारण दोन तास चालते. सोमवारी सकाळी नऊची बॅच असेल तर रविवारीच हेडसेट सुरू करून ठेवा, नाहीतर साठ मुली उभ्या आणि हेडसेट अपडेट होत बसलेला, हे मी भोगलंय.

पैशाचं म्हणाल तर मॅनिकिन एकदा घेतलं की तुमचं, मग एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आणि अधूनमधून नवी कातडी. हेडसेटचं लायसन्स मात्र दर वर्षी भरावं लागतं. ट्रस्टी ‘मागच्या वर्षीच तर घेतलंय’ म्हणतात, तेव्हा समजावताना दमछाक होते. पहिल्याच वेळी तीन वर्षांचं एकत्र मंजूर करून घ्या.

विक्रेते एक अभ्यास हटकून सांगतील. अमेरिकेतल्या एनसीएसबीएनचा, म्हणजे तिथल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचा, 2014 चा, ज्यात क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशननं भरून काढले तरी मुलींच्या निकालात फरक पडला नाही असं दिसलं. अभ्यास चांगलाच आहे. पण तो हेडसेटचा नव्हता, आणि त्यात शिकवणारी माणसं सिम्युलेशन आणि डिब्रीफिंगसाठी तयार केलेली होती. हेडसेट काढल्यावरची वीस मिनिटं, ‘तू तेव्हा काय बघत होतीस?’ हे विचारण्याची, ती नसतील तर दोन्हीकडचे पैसे वायाच.

तेव्हा एकटा ट्यूटर, मोठी बॅच आणि एक हॉल असेल, तर मी हेडसेट घ्या म्हणेन, सोबत साधी मॉडेलं भरपूर. सही करण्याआधी विक्रेत्याला तुमच्या लॅबमध्ये बोलवा, तुमच्याच वायफायवर, अंबाडा बांधलेल्या मुलीच्या डोक्यावर हेडसेट दोन तास चालवून दाखवायला सांगा. पीपीटी बघू नका.

आमच्याकडे आता असं चालतं. मुलगी हेडसेटमध्ये औषध थांबवते, हाक मारते, आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायची वेळ आली की हेडसेट काढून शेजारच्या टेबलाकडे वळते. तिथं ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल, सिरिंज आणि इंजेक्शनचं पॅड मांडलेलं असतं. अँप्युल फोडायची, 0.5 मिलिलिटर भरायचं, पॅडमध्ये द्यायचं. तोंडानं डोस धडाधड सांगणाऱ्या मुलीची त्या वेळी अँप्युलच्या मानेवर बोटं घसरतात, आणि हेडफोनमधून पेशंटचा खोकला बारीक ऐकू येतच असतो.